बिनजाळाची चूल

मी सूर्यचूल बोलतेय. पत्र्याची पेटी, वर दुहेरी काच, झाकणाला आतून आरसा आणि पोटात काळे डबे. एवढाच माझा पसारा. पेटणं मला ठाऊक नाही. मी ऊन पिते आणि भात शिजवते.

पिंपळगाव रेणुकाईजवळच्या वस्तीवर रायभाननं मला १९८८ साली एसटीच्या टपावर घालून आणलं. त्याची बायको गोपिकाबाई धुरानं खोकून खोकून वाकली होती. पहिल्या दिवशी माझ्यातला वाफाळता भात बघून ती लेकरासारखी हसली.

सासू जयवंताबाई मात्र मागं सरकली. "जाळ न्हाई, धूर न्हाई, मंग शिजवून कोण राह्यलं? मी हे बिलकुल खाणार न्हाई."

"आत्याबाई, ऊन शिजवतं."

"ऊन दगडालाबी लागतं. दगड शिजत्यात का?"

मग गोपिकाबाई दोनदा रांधायची. स्वतःचं नि नवऱ्याचं माझ्यात, सासूचं काटक्यांवर. धूर काही सुटला नाही. तिसऱ्या उन्हाळ्यात ती गेली. रायभाननं माझं झाकण लावलं आणि मला गोठ्यापाशी सारलं.

पुढच्या वैशाखातली गोष्ट. वारा पडला होता, रायभान शेतात होता, म्हातारी उंबऱ्यात बसली होती. माझं झाकण हळूहळू वर उचललं गेलं. काचेवर ओली बोटं उमटली; आरशात मात्र नुसतं आभाळ. मागून तोच खोकला आला आणि माझ्या रिकाम्या डब्यात भात रटरटू लागला.

"गोपिके?"

म्हातारी उन्हात आली, तिनं एक घास फुंकून खाल्ला. "मीठ बराबर हाय," म्हणाली आणि रडत रडत सगळा डबा संपवला. मरेपर्यंत तिनं पुन्हा काटकी पेटवली नाही.

आता वस्तीवर खांबाखांबावर सोलरचे दिवे आहेत, रायभानच्या छपरावर निळी प्लेट आहे. माझी काच तडकली, आरशाचा पारा उडाला. तरी भर दुपारी झाकण उचललं जातंच. एक हात डबा ठेवतो, दुसरा सुरकुतलेला हात मीठ घालतो. काल दोघींनी अंगणात तीन ताटं मांडली आणि रायभानला हाक मारली. तो उंबऱ्यापर्यंत आलाही होता.

रायभान, मला खुशाल भंगारात घाल. काच फोड, पत्रा ठोकून सपाट कर, पण जल्दी कर. आणि आज दुपारी त्यांनी हाक मारली, तर ओ देऊ नकोस.