काटा सहाशेवर होता

मी मोमोसेंच्या गाडीतला काटा बोलतोय. चालवणाऱ्याच्या उजव्या हाताला, काचेच्या कडेला एक गोल डबी चिकटवली आहे, तिच्यात मी असतो. इंजिनातून निघणारा धूर किती तापलाय एवढंच सांगायचं माझं काम. तेही मला धड जमलं नाही. तोंड दाखवायला जागा नाही, पण डबीला काच आहे, लपणार कुठे?

मोमोसे पियानो सुरात लावतात. जपानमधल्या नागानोच्या डोंगरात, घाटाच्या मध्यावर त्यांचं घर. दिवसभर खालच्या गावांतून हिंडून ते संध्याकाळी आठ किलोमीटरचा चढ झपाट्यानं चढून यायचे. माणूस अगदी मऊ, पण चढावर पाय जड व्हायचा. गाडी टर्बोची. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर मिनिटाला लाखभर फेरे घेणारा पंखा. चढावर तो लालबुंद होतो आणि त्याच्या दांड्याला तेलाचाच काय तो गारवा. इंजिन एकदम बंद केलं की तेल जागीच थांबतं आणि करपतं. म्हणून घरी पोचल्यावर दोन-तीन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवायचं असतं. कधी बंद करावं हे कळायला मला आणलं.

मला बसवलं कारासावा मिस्त्रींनी. ते म्हणाले, "याची धुराच्या नळीत खुपसायची सुई टर्बोच्या आधी बसायला हवी. पण सगळं उतरवून भोक पाडावं लागेल. अर्धा दिवस जाईल."

मोमोसे कमरेत वाकले. "छे छे, वर्षअखेरीची गर्दी तुमची! तुम्हाला कशाला त्रास? मागे जिथं सोपं असेल तिथं बसवा."

"मागे बसली तर दोनशे अंश कमी दाखवेल हं. लक्षात ठेवा."

"ठेवतो, ठेवतो."

आठवडाभर ठेवलं. मग मी सहाशे म्हटलं की ते सहाशेच धरू लागले. खरे आठशे असायचे. मी खोटं बोलत नव्हतो, पण सुईला समोरच्या लाल लोखंडाची धग लागायची आणि मला सगळं उमगत होतं. खरं सांगू? कुणी आपल्यावर इतका विश्वास टाकतंय याचं मला बरंच वाटायचं.

त्यातच गल्लीची सूचनाफळी आली. आमच्याकडे ती घरोघर फिरते, वाचली की शिक्का मारून शेजारी द्यायची. तिच्यावर लिहिलं होतं, ‘दारात उभ्या गाडीचं इंजिन कृपया चालू ठेवू नये.’ त्या वर्षी फळी लिहिण्याची पाळी समोरच्या योकोझावाकाकूंची होती. मोमोसेंचे कान तांबडे झाले. त्यांनी शिक्का मारला आणि त्या दिवसापासून गाडी दारात आली की लगेच किल्ली फिरवू लागले.

त्यांचे सासरे तोकुझो घरातच राहायचे. तरुणपणी ते घोड्यांनी लाकडं ओढायचे. आता मूत्रपिंडं थकल्यानं आठवड्यातून तीनदा यंत्रावर त्यांचं रक्त गाळायला घाटापलीकडच्या दवाखान्यात न्यावं लागायचं. एकदा चढावर गाडीतच त्यांनी जावयाला झापलं.

"कियोहिको, घोडा चढ चढून आला की आम्ही त्याला सावकाश चालवत गार करायचो, मग बांधायचो. शेवटचे दोन किलोमीटर हळू ये की! दारात थांबायलाच नको, ना कुणाला आवाज, ना काही."

"बाबा, हा काटा बघा ना. सहाशेच आहे."

म्हातारा गप्प झाला. यंत्रापुढे तो काय बोलणार?

जानेवारीतला सोमवार. मध्ये दोन दिवस रक्त गाळल्याविना गेलेले, त्यामुळे सोमवारी तोकुझोंचे पाय सुजलेले असायचे, दमही लागायचा. घाटमाथ्याच्या अलीकडे गाडीनं किंकाळी फोडली आणि मागे निळा धूर पसरला. करपलेल्या तेलानं टर्बोचा दांडा खाल्ला होता. मोमोसेंनी गाडी कडेला घेतली. बर्फ भुरभुरत होतं. चाळीस पावलांवर टेलिफोनचा बूथ होता.

ते तिकडे गेले नाहीत. इंजिनाचं झाकण उघडून अर्धा तास नुसते बघत राहिले.

"फोन कर ना," आतून तोकुझो म्हणाले.

"कुणाला, बाबा? सकाळी सकाळी लोकांना त्रास... आणि रुग्णवाहिका बोलावली तर सगळ्या गल्लीला कळेल."

म्हाताऱ्यानं घोंगडी बाजूला केली. त्याला धाप लागली होती. "माझा जीव जातोय इथं. तुझी लाज त्याच्याहून मोठी आहे का रे?"

तेव्हा मोमोसे धावले आणि समोरच्या घरी फोन लावला. योकोझावाकाकू स्वतःचा छोटा टेम्पो घेऊन वीस मिनिटांत आल्या. तोकुझोंना आत घेताना त्यांनी मोमोसेंकडून फळीचं सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"अहो, ती फळी भाजीच्या ट्रकसाठी होती! तो पाऊण तास घरघरतो. दोन-तीन मिनिटांचं काय हो? तोंड उघडून विचारायचंत तरी!"

मोमोसे माफी मागत बर्फात वाकले ते वर उठेनातच. "वाका नंतर," काकू ओरडल्या, "आधी दार लावा!"

तोकुझो पोचले, पण उशिरा. छातीत पाणी भरलं होतं. वाचले. आठ दिवस खाटेवर काढले आणि मग शहरात धाकट्या मुलीकडेच राहिले, दवाखान्याच्या शेजारी. घाट पुन्हा चढले नाहीत.

कारासावांनी जुना दांडा मोमोसेंच्या हातावर ठेवला. काळाठिक्कर. मोमोसे म्हणाले, "तुम्हाला त्रास होईल, पण या वेळी सगळं उतरवा. सुई पुढे बसवा." आता मी खरं बोलतो. पहिल्याच चढावर मी आठशे चाळीस दाखवले तेव्हा त्यांनी लगेच पाय हलका केला. आता शेवटचे दोन किलोमीटर ते इतके हळू येतात की सायकलवाले पुढे जातात. डावीकडची जागा रिकामी असते.

तुमच्या गाडीत माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याची सुई कुठं बसवली आहे ते एकदा विचारा. आणि शेजारी बसलेलं म्हातारं माणूस काही सांगत असेल, तर माझ्याकडे बोट दाखवून त्याला गप्प करू नका. त्या दिवशी तोकुझो गप्प झाले, तेव्हा मी सहाशेवर ऐटीत उभा होतो. मला आवडलं होतं ते.