उघड्यावरची तपासणी

दुर्गाबाई पिंपरीच्या एका औषध कंपनीत बाटल्या भरायच्या खात्यात कामाला होत्या. उस्मानाबादकडून नवऱ्यामागोमाग आल्या आणि नवऱ्याच्या आधी कायम झाल्या. हात चपळ, आवाज खणखणीत. चौऱ्याहत्तर साली खात्यातल्या फळीवरून खोकी घसरली आणि एक नेमकं त्यांच्या कानामागे बसलं. रक्त फार आलं नाही. जखम भरली, टाके निघाले. थोडक्यात निभावलं, असं सगळे म्हणाले.

पण त्या कामावर जायला निघाल्या, कासारवाडीतला चाळीचा बोळ संपला, मोकळा रस्ता लागला आणि पायाखालची जमीन कलली. समोरून ट्रक गेला, तर त्याच्याबरोबर सगळा रस्ताच निघाल्यासारखा झाला. बाई तिथेच धुळीत बसल्या.

घरात भिंत हाताशी असली की सगळं नीट व्हायचं. भिंत सुटली, की पाय सुटायचे. डॉक्टरांनी सांगितलं, "तोल सांभाळणाऱ्या आतल्या कानालाच मार बसलाय. हे आता असंच राहणार." कंपनीने काही महिने वाट पाहिली आणि नाव कमी केलं.

कामगार विम्यातून अपंगत्वाचा भत्ता मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला. तपासणी एका चिंचोळ्या खोलीत झाली. खुर्चीवरून उठा, दारापर्यंत जा, परत या. टेबल आणि कपाट यांच्या मधून दुर्गाबाई चालल्या. कपाटाला बोटं लागली, तेवढंच. कायमचं अपंगत्व दिसत नाही, असा निकाल आला.

"जाऊ दे," नवरा सोपानराव म्हणाला. "मी कमावतोय की."

"तुमी कमावताय, व्हय. पर इम्याची वर्गणी माझ्या पगारातनं कापलीय. भीक न्हाई मागत मी. माझं हाय ते मागते."

कामगार संघटनेच्या श्यामने अपील करून दिलं. सुनावणीच्या आदल्या दिवशी तो घरी आला आणि आवाज खाली करून म्हणाला, "दुर्गाबाई, उद्या घरातलंही काही होत नाही म्हणा. स्वयंपाक शेजारीण करते, असं सांगा. नाहीतर ते म्हणतील, घरात चालते, मग बाहेर का नाही?"

"मग सांगीन की, का न्हाई ते," दुर्गाबाई म्हणाल्या. "माझा सैपाक शेजारणीच्या नावावर कशाला घालू? कुणी घरी येऊन बघितलं, तर माझं खरंबी खोटं ठरंल."

शेजारच्या छबूबाईच्या खांद्यावर हात ठेवून त्या पुण्याला गेल्या. न्यायाधीश होते, त्यांच्या शेजारी एक वयस्कर डॉक्टर आणि समोर विमा कचेरीचे वकील.

"स्वयंपाक करता?" वकिलांनी विचारलं.

"व्हय."

"पाणी भरता?"

"भरते. नळ दारातच हाय."

"जिना चढता?"

"कठडा असला की चढते."

श्यामने मान खाली घातली. वकील न्यायाधीशांकडे वळले. "साहेब, बाई स्वतःच कबूल करताहेत."

"कबूल काय त्यात? इचारलं ते सांगितलं," दुर्गाबाई म्हणाल्या. "कामावर जाता येतं का, ते न्हाई इचारलं तुमी. न्हाई येत. घर आन् कंपनीच्या मधी रस्ता हाय, साहेब, आन् पगार काय घरपोच येत न्हाई. खोलीत बघितलं तर मी बरी दिसते. मला उघड्यावर बघा."

वकील हरकत घेऊ लागले, तोवर डॉक्टर उठलेसुद्धा. "बघू या. आपलं काय जातंय?"

इमारतीमागे मोकळं पटांगण होतं. डॉक्टरांनी छबूबाईला बाजूला व्हायला सांगितलं. दुर्गाबाई निघाल्या. थोडं अंतर नीट गेल्या, मग उजवा हात नसलेली भिंत चाचपू लागला. शेजारून एक सायकल सरकन गेली आणि त्या गुडघ्यांवर कोसळल्या. श्याम धावला. डॉक्टरांनी त्याला थांबवलं, बाईंसमोर उकिडवे बसले आणि त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. बुबुळं एकाच बाजूला झटके देत होती.

"हे कुणाला सोंग करून आणता येत नाही," ते मागे न बघताच म्हणाले.

श्यामने हात पुढे केला, तर दुर्गाबाई म्हणाल्या, "थांबा जरा. फिरायचं थांबलं की उठते मी." उठल्या, लुगड्याची धूळ झटकली, आणि मगच छबूबाईचा खांदा धरला.

अपील मंजूर झालं. भत्ता जन्मभर, दर महिन्याला. पहिला हातात आला त्या दिवशी त्यांनी छबूबाईला बोलावलं आणि सांगितलं, "यातला काही हिस्सा तुझा. आठवड्यातनं दोनदा मला भाईर न्यायचं."

छबूबाई रागावली. "मी काय पैशासाठी येते व्हय?"

"न्हाई. म्हनून तर तुला हाक मारायला माझा जीव कचरायचा. किती दिस आतच बसले मी. आता कचरणार न्हाई."

त्या महिन्यात तळवड्याला भाचीच्या मुलीचं बारसं होतं. दोघी निघाल्या. गर्दीच्या एसटीत दुर्गाबाई छबूबाईला धरून चढल्या. पुढच्या बाकावर शेजारी पाटी ठेवून बसलेले एक गृहस्थ छबूबाईला हळूच म्हणाले, "बाईंना दिसत नाही वाटतं?"

"डोळे शाबूत हायेत माझे," उत्तर दुर्गाबाईंनीच दिलं. "तोल गेलाय. तेवढी तुमची पाटी सरकवा बघू, बसू द्या."