चौथ्या गोष्टीचा शेवट

सहाशे बारा पानं आणि एकशे अठ्ठावीस मिनिटं. दोन्ही मी नीट मोजली होती. कादंबरीत पाच गोष्टी आहेत, एका पत्र्याच्या पेटीने जोडलेल्या. पेटी एका घरातून दुसऱ्या घरात गेली की गोष्ट बदलते. चित्रपटाने त्या पाचही कापून एकमेकींत मिसळल्या आहेत. संध्याकाळी पाचला वाचनालयात मला दोन्हींची तुलना मांडायची होती, म्हणून मी तक्ता केला. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. तक्ता केल्याशिवाय मला विचारच सुचत नाही.

दुपारी तो मावशीला दाखवायला गेले. तीस वर्षांपूर्वी ही कादंबरी वहीवरून टाइप केली ती तिनेच. लेखक जाऊन बरीच वर्षं झाली, पण ती त्यांना अजून 'सर'च म्हणते.

"चौथ्या गोष्टीत दिग्दर्शकाने घोळ घातलाय," मी म्हटलं. "पुस्तकात खलाशी परत येतो. पिक्चरमध्ये बुडतो. उगाच आपलं रडवायला."

मावशी उठली. खिडकी लावली, पुन्हा उघडली. कप आत ठेवून आली, त्यात चहा तसाच होता.

"काल पिक्चर बघून आल्यापासून ही अशीच फिरतेय!" आतून काका ओरडले. "आणि तो कसला खलाशी? बादलीत बुडला असता! आमच्या बोटीवर असल्यांना आम्ही–"

"तुम्ही जरा गप्प बसा हो." मावशीने दार ओढून घेतलं. मग हळूच म्हणाली, "घोळ दिग्दर्शकाने नाही घातला. मी घातला."

"म्हणजे?"

"सरांच्या वहीत तो बुडतोच. पिक्चरवाल्यांना ती वही मिळाली असणार. मी तो शेवट टाइप करायला घेतला तेव्हा तुझे काका समुद्रावर होते. अकरा आठवडे पत्र नव्हतं. 'बुडाला' म्हणून टाइप करायला बोटंच उठेनात बघ. दीड पान माझ्या मनाने लिहिलं. म्हटलं, हे आले की खरं पान घालू."

"आणि काका आले."

"आले. तोवर पुस्तक छापून बाहेर आलं होतं."

"पण प्रुफं सरांनी पाहिली असतील ना?"

मावशी पुन्हा उभी राहिली. "त्यांची नजर गेली होती गं तोवर. मीच वाचून दाखवायचे. समोर छापलेला शेवट माझा, आणि मी वाचला त्यांचा. पाठ होता मला. ते म्हणाले, 'छान. एक शब्दही बदलू नका.'"

मी तक्त्याकडे पाहत राहिले. 'चौथी गोष्ट, शेवट' या ओळीपुढे 'चित्रपटाने बदलला' असं मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

"मी ही ओळ गाळते," मी म्हटलं.

"गाळलीस म्हणून तक्ता खरा होईल?" तिने विचारलं. "लोक मला सांगतात, चौथी गोष्ट वाचून धीर आला. दर वेळी मनात येतं, वर गेल्यावर सरांना काय सांगू?"

मी ओळ गाळली नाही. तो एक रकाना मात्र खोडून कोरा ठेवला. वाचनालयात पोहोचेपर्यंत मी पिशवीतून तो कागद चारदा काढून पाहिला.

वाचनालयातल्या खुर्च्या भरल्या होत्या. दुसऱ्या रांगेत मावशी आणि काका. पहिल्या तीन गोष्टी मी घाईघाईने संपवल्या. 'चौथी गोष्ट, शेवट' या ओळीशी आले आणि थांबले.

"पुस्तकात खलाशी परत येतो," मी वाचलं. "चित्रपटात बुडतो. हा बदल–"

मावशी उठली. काकांनी तिचा हात धरून खाली ओढलं. "अगं, बस ना! पोरीचं चाललंय की!"

"तुमच्यामुळेच झालंय सगळं," ती म्हणाली, हात सोडवून घेतला आणि दोन रांगांमधून माझ्याकडे चालू लागली.

मी माइक तिच्या उंचीला खाली केला.