वाढत्या मापाची डिस्क

सकाळचा उजेड आमच्या घरात थेट येत नाही. समोरच्या इमारतीच्या काचांवर आपटून, जरासा उसना, जरासा फिकट होऊन येतो. आधी तो आईच्या शिलाई मशीनच्या चाकावर थांबतो. मग टेबलाच्या कडेने सरपटत दोऱ्यांच्या रिळांपाशी जातो, एकेका रंगाला जागं करतो, आणि शेवटी, पुढे कुठे जावं हे न सुचल्यासारखा, ताईच्या लॅपटॉपच्या झाकणावर पसरून राहतो. त्या सकाळी मी तो उजेड फार वेळ पाहत बसलो. कारण तो पाहत असेपर्यंत मला काही करावं लागणार नव्हतं.

लॅपटॉपची हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजत होती. पत्र्यावर नखाने टिचकी मारावी तसा आवाज आतून येई आणि पडदा गोठून जाई. ताई नकाशे आखते. दुसऱ्या शहरातल्या एका कचेरीने तिच्याकडे नमुन्याचा नकाशा मागितला होता. तो त्या संध्याकाळपर्यंत पोहोचला, तरच नोकरी. नकाशाचं सॉफ्टवेअर त्याच लॅपटॉपवर चालणारं. तेव्हा नवी डिस्क आणून जुनीवरचं तिच्यावर उतरवायचं, एवढा एकच मार्ग होता. आणि घरात त्यातलं कळणारा म्हणून निवड माझ्या गळ्यात पडली होती.

मी आठवडाभर परीक्षणं वाचली. दात घासायचा ब्रश आणायला गेलास तरी आधी तुलनेचा तक्ता करशील, असं ताई म्हणाली ते खोटं नव्हतं. आईचा सल्ला सोपा होता: थोडी मोठीच घे, वाढत्या अंगाची. आमच्या घरी चपलांपासून पातेल्यांपर्यंत सगळं असंच येतं. म्हणून आदल्या दिवशी मी दुकानातली सर्वांत मोठी डिस्क उचलली होती. दुकानदाराला काही विचारलं नव्हतं. विचारावं लागू नये म्हणूनच तर एवढं वाचलं होतं.

अखेर मी लॅपटॉप उलटा केला, स्क्रू काढले, जुनी डिस्क बाहेर घेतली आणि माप पाहायला नवी खाचेत ठेवली. ती बसेना. डिस्क जाड होती. वरचं झाकण अर्धवट मिटलेल्या पापणीसारखं वर राहत होतं. ज्या घरात माप घेतल्याशिवाय कात्री उचलत नाहीत, त्या घरातल्या मुलाने खाचेची जाडी मोजलीच नव्हती.

आई चष्मा वर करून वाकली. "या खाचेला कुठे शिवण उसवायची सोय नाही का रे?"

ताई हसली, पण तिचं लक्ष घड्याळाकडे गेलेलं मला दिसलं. मी आईची टेप घेतली, खाच नीट मोजली, जाड डिस्क परत खोक्यात घातली आणि उघडा लॅपटॉप तसाच छातीशी धरून बाहेर पडलो.

दुकानदाराने फोडलेलं खोकं पाहिलं आणि परत घेणार नाही, अशी मान हलवली. अशा वेळी मी नेहमी 'बरं' म्हणतो आणि घरी येऊन दिवसभर मनातल्या मनात भांडतो. त्या दिवशी मी लॅपटॉप काउंटरवर ठेवला.

"चूक माझीच आहे," मी म्हणालो. "पण हा आज सुरू झाला नाही, तर बहिणीची नोकरी हातची जाईल. मला ती पातळ डिस्क द्या."

"तिच्यात जागा निम्मीच आहे. उद्या पुन्हा बदलायला याल."

"नाही येणार."

"नक्की?"

"नक्की."

माझ्या तोंडून हा शब्द इतका क्वचित निघतो, की क्षणभर दुसरंच कुणी बोललं असं मला वाटलं. दुकानदाराने माझ्याकडे, मग उघड्या खाचेकडे पाहिलं आणि पातळ डिस्क पुढे सरकवली.

घरी आल्यावर मी जुनी डिस्क पुन्हा खाचेत बसवली, नवी बाहेरून वायरने जोडली, आणि खरी अडचण समोर आली. जुनीवरचं सगळं नवीत मावणार नव्हतं. ताई माझ्या शेजारी बसली आणि काय न्यायचं ते न अडखळता सांगू लागली. सॉफ्टवेअर आणि नकाशे घेतले. घरातले फोटो, आईच्या कपड्यांची डिझाइनं, आम्ही लहानपणी केलेल्या नाटकांची चित्रणं मागे ठेवली. हेही घेऊ, जागा करतो, असं मी पुन्हापुन्हा म्हणत होतो.

"घरातलं घरात राहू दे," ती म्हणाली. "मला कामापुरतंच हवंय."

जुनी डिस्क मध्येच टिचक्या मारी, थांबे, पुन्हा चाले. शेवटची फाइल उतरली. मी जुनी काढून पातळ डिस्क खाचेत सरकवली. ती मापाच्या अंगरख्यासारखी बसली. झाकण मिटलं, स्क्रू आवळले, बटण दाबलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पडदा उजळला आणि ताईचा अर्धा राहिलेला नकाशा, नदीच्या प्रत्येक वळणासकट, समोर उघडला. आईने मशीनवरचा पाय काढला. मी आयुष्यात प्रथमच मोठ्याने शीळ घातली.

ऊन कलण्याआधी नकाशा पुरा होऊन गेला, आणि दिवे लागायच्या सुमारास उत्तर आलं. नोकरी मिळाली होती. ताईने माझे केस विस्कटले, आईला मिठी मारली, आणि हा चमत्कार माझ्या भावाचा, असं मैत्रिणीला फोनवर सांगत घरभर फिरली. मी राजासारखा खुर्चीत बसलो होतो. इतके दिवस मी मनाशी घोकत होतो, की कचेरी दूर असली तरी काम ती खिडकीजवळच्या याच टेबलावरून करील. तिचं काम आणि घरातलं सगळं एकत्र मावावं, म्हणून मोठी डिस्कही मी त्यासाठीच आणली होती. पण आलेल्या पत्रात रुजू होण्याचा दिवस होता आणि त्या शहरातल्या राहण्याच्या खोलीचा पत्ता होता. ताई आता या घरात राहणार नव्हती.