तिकिटावरची पाठमोरी मुलगी

आक्का भाचीचं पार्सल टाकायला पोस्टात गेली आणि ते पार्सल काखेत तसंच घेऊन धापा टाकत घरी परतली.

"अगं ए, मशीन थांबव! मी तिकिटावर छापून आलेय!"

धाकटीने शिवण बाजूला ठेवली. नर्सच्या नोकरीतून निवृत्त झालेली आक्का आणि घरीच कपडे शिवणारी धाकटी, दोघी बहिणी कैक वर्षं एकत्र राहत होत्या. देशातल्या स्काउट-गाइड चळवळीला शंभर वर्षं झाली म्हणून नवं तिकीट निघालं होतं. त्यावर दोरीच्या पुलावरून चाललेली एक मुलगी होती. पाठमोरी. अंगात गणवेश, पाठीवर दोन वेण्या; शाळेत गाइड असताना या दोघी अगदी अशाच दिसायच्या.

धाकटीने चष्मा पुसला, तिकीट खिडकीपाशी नेलं आणि म्हणाली, "ही तू नाहीस. ही मी आहे."

"तू? शिबिरात त्या पुलावर तू नुसती रडत होतीस!"

"रडत होते, पण वर चढून रडत होते. तू खाली उभी राहून सूचना देत होतीस."

झालं! मग फोनाफोनी सुरू झाली. मामेभाऊ आक्काच्या बाजूने, चुलत वहिनी धाकटीच्या बाजूने. भाची एवढंच म्हणाली, "कुणीही असा, माझं पार्सल कधी येणार ते सांगा." दुसऱ्या दिवशी घरात चहासुद्धा दोनदा झाला, दोघींचा वेगवेगळा.

तेवढ्यात कळलं, की तिकिटाचा चित्रकार रविवारी मोठ्या पोस्टात सह्या द्यायला येणार आहे. दोघी नटूनथटून निघाल्या. एकाच बसमधून, पण एक पुढे, एक मागे.

पोस्टाच्या आवारात गणवेशातल्या मुलामुलींनी खराखुरा दोरीचा पूल बांधला होता. चित्रकार टेबलाशी बसला होता. आक्काने तिकीट त्याच्या पुढ्यात ठेवलं. "खरं सांगा, ही आमच्यापैकी कोण?"

चित्रकार गोंधळला. "ही? ही माझी बायको. गच्चीत कपड्यांची दोरी धरून उभी केली होती तिला. वेण्या मी नंतर काढल्या."

दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं.

"तरीच म्हटलं," आक्का म्हणाली, "दोरी अशी चिमटीत कोण धरतं?"

"आणि पाय बघ ना! पुढच्याच पावलाला आपटली असती बाई," धाकटी म्हणाली.

"मला कुणी शिकवलंच नव्हतं हो!" मागून आवाज आला. चित्रकाराची बायको हसत उभी होती.

"मग चला, आम्ही शिकवतो," धाकटीने तिचा हात धरलासुद्धा.

पूल जमिनीपासून जेमतेम गुडघाभर उंच होता. दोन मुली दोन्ही बाजूंनी सांभाळायला धावल्या. धाकटी पुढे, चित्रकाराची बायको मध्ये, आणि मागून "टाच आत घे! खाली बघू नकोस!" म्हणत आक्का. अर्ध्यावर आल्यावर पूल असा काही हेलकावला, की तिघी एकदम किंचाळल्या आणि मग हसतच सुटल्या. रांगेतली माणसं सह्या सोडून बघायला आली.

धाकटीने डोळ्यांतलं पाणी खांद्याला पुसलं आणि मागे वळून ओरडली, "आक्का, घट्ट धर गं, सोडू नकोस!"

"मी नाही सोडत! त्या चित्रकाराला सांगा, वही काढा म्हणावं. आता काढा तिकीट, आणि तोंडं दिसू देत!"