सलग कापड

आईने मागे ठेवलेला लोकरी कापडाचा तागा वीस वर्षं कपाटात पडून होता. त्याला हात लावायचा म्हटलं की माझा जीव खालीवर व्हायचा. चांगल्या प्रसंगाला काढू, म्हणायची मी. प्रसंग आले नि गेले. मी आपली कोपरांना ठिगळं लावलेल्या स्वेटरात. आणि धंदा काय, तर शिवणकाम!

परवा ताईने फर्मान काढलं, "त्यातून विहारातल्या भंतेजींना चिवर शिव." ताई माझी थोरली बहीण. तिची नजर गेली तेव्हापासून मशीन माझं, हुकूम तिचा.

चिवर म्हणजे भिक्षूच्या अंगावरचं वस्त्र, ते सलग कापडाचं चालत नाही. आधी तुकडे करायचे, मग जोडायचे, म्हणजे त्याचा कुणाला लोभ नको. पण माझी कात्री काही चालेना. मग मी शक्कल लढवली. नुसत्या चुण्या घातल्या आणि वरून टीप मारली. दिसायला अगदी जोड! न जाणो ताईचं मन बदललं, तर टीप उसवली की कापड जसंच्या तसं.

ताईने चिवर मांडीवर घेतलं, शिवणींवरून सावकाश बोटं फिरवली.

"काल विहारात भंतेजींनी एका शेठची गोष्ट सांगितली," ती म्हणाली. "मागच्या जन्मी त्याने एका भिक्षूला जेवण दिलं, म्हणून या जन्मी अमाप संपत्ती मिळाली. पण दिल्यावर तो हळहळला होता, उगाच दिलं म्हणून. त्यामुळे घर भरलेलं, आणि हा बाबा कण्या खायचा, जाडंभरडं नेसायचा. चांगलं काही वापरायला त्याचं मनच होईना."

"कंजूष मेला!" मी म्हटलं, आणि कोपरावरच्या ठिगळाकडे माझं लक्ष गेलं. फार लाज वाटली.

"ताई, मी कापलेलं नाही गं."

"कळलं मला. डोळे गेलेत, बोटं नाही गेली."

मी टीप उसवली, कात्री लावली. पहिल्या तुकड्याला रडू आलं. चौथ्या-पाचव्यापासून हात सुटला.

संध्याकाळपर्यंत चिवर तयार झालं.

"ताग्यातलं उरलं त्याचं काय?" ताईने विचारलं.

"ठेवून देऊ, चांगल्या..." मी जीभ चावली. जन्मभर लोकांची मापं घेतली, माझं कुणी घेतलंच नव्हतं. मी टेप ताईच्या हातात दिली आणि तिच्यापुढे पाठ करून उभी राहिले.

"खांद्यापासून घे. कोट शिवायचाय मला."