केळीच्या पानातली राजदूत

तोताराम पाटलाने भरलेला केळीचा घड दिल्लीला पोचला तरी त्यावर काळा डाग सापडत नाही, असं वरणगावच्या आसपास म्हणत. म्हणणाऱ्यांत तोताराम स्वतः सगळ्यांत पुढे असे. खाली वाळल्या पानांची जाड गादी, वर पानांचं पांघरूण, आणि दोर म्हणाल तर नावापुरता. दोर आवळला की सालीवर वळ उठतो. तीस वर्षं हेच केल्यावर माणसाला वाटू लागतं की जगातली कुठलीही वस्तू अशीच न्यायची असते.

म्हणून आपली राजदूत मोटारसायकलही त्याने व्याह्यांच्या ट्रॉलीत पानांच्या गादीवर आडवी निजवली.

गाडी चालली होती धुळ्याला, देवपुरात, लेकीच्या घरी. कुंदाला जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीणबाईची नोकरी लागली होती, पण गाव असं आडवळणी की एसटी दिवसातून एकदा, तीही दुपारी. सोमवारी हजर व्हायचं होतं. जावई अभिमन कॉलेजात कारकून. सकाळी बायकोला शाळेत सोडून तो अकराला आपल्या टेबलावर बसू शकत होता, फक्त बुडाखाली गाडी हवी. इकडे तोतारामच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि डॉक्टरांनी हँडल धरायला मनाई केली होती. गोठ्यात गंजण्यापेक्षा लेकीच्या कामी येऊ दे, असं त्याने ठरवलं.

व्याही झुलाल पाटील मात्र "देखूत" एवढंच म्हणाले होते. धुळ्याकडचं "देखूत" म्हणजे काय, हे तोताराम लेक दिल्यापासून ओळखून होता. तोंडावर नाही म्हणायचं नसलं की झुलालभाऊ देखूत म्हणत. सुनेने रोज एवढं लांब जायचं, हे त्यांच्या मनाला येत नव्हतं. गाडी वाटेत मोडली तर त्यांना आयतं निमित्त मिळणार आणि पोरीची नोकरी सुरू होण्याआधीच बुडणार, हे तोतारामला लख्ख दिसत होतं. मोतीबिंदू काय तो बाहेरच्या डोळ्यांना होता.

झुलालभाऊ आले होते केळीचे कंद न्यायला. कपाशीला कंटाळून यंदा पांझरेकाठच्या रानात थोडी केळी लावून पाहायची होती. कंदांची पोती मागे रचली आणि पुढच्या रिकाम्या जागेत ही राजदूत झोपली.

"हाई काय शे, याही? गाडी निजाडी दिन्ही का तुम्ही?" झुलालभाऊंनी ट्रॉलीत डोकावून विचारलं.

"मले नका शिकवू, भाऊ. माया घडाले दिल्लीपर्यंत डाग नाही लागत."

"तुमनी मर्जी," म्हणत झुलालभाऊ ट्रॅक्टरवर चढले. तोताराम ट्रॉलीत गाडीशेजारी बसला आणि तिच्या टाकीवर, आजारी म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा, हात ठेवून राहिला.

भुसावळ मागे पडलं तसा त्याला पेट्रोलचा वास येऊ लागला. ट्रॅक्टरचा असेल, असं त्याने मनाला सांगितलं. ट्रॅक्टर डिझेलवर चालतो हे त्याला ठाऊक होतं, पण हट्टी माणसाला ठाऊक असून काय उपयोग? जळगावच्या अलीकडे एका हॉटेलासमोर निंबाखाली झुलालभाऊंनी चहासाठी ट्रॅक्टर थांबवला. बिडी तोंडात धरून ते ट्रॉलीजवळ आले, काडी ओढणार तोच थबकले, आणि बिडी न पेटवता कानावर ठेवली.

"याही, पेट्रोलना वास यी राह्यना."

पानं उचलली तर खालची गादी भिजलेली. टाकीच्या झाकणातून बरंचसं पेट्रोल झिरपून गेलं होतं. खालच्या बाजूचं हँडल फळीवर आदळून आदळून क्लचचा दांडा वाकला होता. तोतारामला लाज वाटली. लाजेपेक्षा भीती जास्त. आता हे म्हणणार, देखा, मी म्हनं व्हतं ना. कुंदाचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढे आला.

पण झुलालभाऊ आधी ट्रॉलीत चढले. ट्रॉलीत फसलेली वस्तू दिसली की त्यांच्या अंगात कापसाची गाडी बांधणारा कपाशीवाला संचारत असे. त्यांनी हॉटेलातली चार माणसं बोलावली, राजदूत उभी केली, पुढचं चाक समोरच्या फळीला टेकवलं आणि दोन्ही चाकांना बाजूंनी कंदांची पोती लावली. ओली पानं लांब नेऊन टाकायला लावली. पेट्रोलची तोटी बंद केली, गाडी गिअरमध्ये टाकली. क्लचचा दांडा मुठीत धरून हळूहळू सरळ केला. सगळं होईपर्यंत बिडी कानावरच होती.

तोताराम दोर घेऊन पुढे झाला. हात आपोआप केळीच्या सवयीने चालले. झुलालभाऊंनी त्या दोराला बोट लावलं. दोर झोका खाऊ लागला.

"हाई काय लगीननं तोरन शे का? खेचा."

"वळ उठन ना, भाऊ."

"लोखंडले वळ नही उठत."

मग त्यांनी आंबाडीचा जाड दोर काढला. हँडलच्या खालच्या जोडापासून पुढच्या दोन कोपऱ्यांना दोन फेरे, मागे कॅरिअरपासून मागच्या कोपऱ्यांना दोन. पाय फळीला लावून असा ओढला की पुढच्या स्प्रिंगा अर्ध्या खाली बसल्या आणि गाडी ट्रॉलीचाच भाग होऊन गेली. तोताराम पाहत राहिला. गाठ बांधावी तर या माणसाने, असं त्याला मनापासून वाटलं.

तरी त्याची नजर दोराबरोबर फिरत होती. एक दोर टाकीच्या कडेला घासत होता.

"थांबा, भाऊ. इथं रंग जाईन." त्याने कोरड्या पानांची चौपदरी घडी करून दोराखाली सारली. मग मडगार्डला एक, कॅरिअरला एक. झुलालभाऊंनी घडी दाबून पाहिली आणि पहिल्यांदाच मान डोलावली.

"हाई बेस कयं. माले नही सुचतं."

जळगावात पेट्रोल भरलं. एरंडोलच्या अलीकडे झुलालभाऊ पुन्हा थांबले. तोतारामने कारण विचारलं तर म्हणाले, कापूस वाटेत बसतो, दोर सैल पडतो, म्हणून दोनदा आवळायचा असतो. इथे कापूस नव्हता, पण दोर खरोखरच सैल पडला होता. पारोळ्याला ते न विचारताच उतरले. तोतारामच्या ध्यानात आलं की व्याही आता त्याच्या गाडीसाठी थांबत नाहीत, स्वतःच्या गाठींसाठी थांबताहेत. तो गालातल्या गालात हसला आणि पानाच्या घड्या सारख्या करत बसला.

देवपुरात पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. विहीण झुंबरबाई ओट्यावर आल्या, मागून कुंदा पाण्याचा तांब्या घेऊन. अभिमनने दोराला हात घातला तर वडिलांनी त्याला बाजूला सारलं आणि एकेक गाठ स्वतः सोडली. गाडी फळीवरून खाली उतरली. तोताराम टाकीवरून बोटं फिरवू लागला. एकही ओरखडा लागत नव्हता. झुलालभाऊंनी कीक मारली. दुसऱ्या कीकला राजदूत सुरू झाली आणि गल्लीतली कुत्री भुंकू लागली.

"रोज इतलं दूर जानं," झुंबरबाई आवाज चढवून म्हणाल्या, "घरनं कोन करी? नोकरीनं मंग देखूत."

कुंदा खाली पाहू लागली. तोतारामचा हात टाकीवरच थांबला.

झुलालभाऊंनी कानावरची बिडी काढली.

"आते देखानं काय शे?" ते बायकोला म्हणाले. "तीन डाव दोर खेचीसन मी गाडी आनी. ती काय आंगनमा उभी कराले? सोमवारले सूनबाई शाळामा जाई."

एवढं बोलून ते गाडीपासून चार पावलं लांब गेले आणि त्यांनी बिडी पेटवली. कुंदाने बापाच्या हातात तांब्या दिला. तोताराम गटागटा पाणी प्यायला आणि सुटलेल्या दोरांच्या नीट गुंडाळ्या करू लागला.